दोन हजार सत्तावीस पानांची पंगत

मंगळावरच्या लग्नात मसालेभात तयार होता, जिलब्या तयार होत्या, वाढपी यंत्रमानव बल्लवही पळी उगारून तयार होता. मग दोन हजार सत्तावीस माणसं उपाशी का? दहा वर्षांच्या उर्वीला हे कोडं झटपट सोडवायचं होतं. पृथ्वीकडे जाणारं यान तासाभरात सुटणार होतं, आणि ताईच्या सासरची निम्मी मंडळी त्यानेच परतणार होती. उपाशीपोटी!

चूक उर्वीचीच होती. सकाळी तिने बल्लवला बजावलं होतं, "सगळ्या पंगतींत सारखी पानं हवीत. एकही कमी नको, एकही जास्त नको!" ही आज्ञा जेवणं उरकेपर्यंत बदलता येत नव्हती.

"एक्केचाळीस पंगती केल्या, अठरा जण उरले," बल्लव म्हणाला. "आता बेचाळीस करू. सर्वांनी उठावं!"

"मेल्या, कितव्यांदा उठवतोस?" सुमनआत्या कडाडली. ती यानांचे मार्ग आखणारी गणिती होती. "उर्वे, तुझ्या या ठोंब्याला आवर, नाहीतर त्याचीच जिलबी तळीन!"

"आत्या, हा दोन हजार सत्तावीसपर्यंत असाच जाणार का गं?"

"तो जाईल. तू डोकं चालव. समज, पंगती पंचेचाळीसहून जास्त, आणि प्रत्येकीत पानंही पंचेचाळीसहून जास्त. मग कमीत कमी माणसं किती?"

"सेहेचाळीस गुणिले सेहेचाळीस... दोन हजार एकशे सोळा! एवढी माणसं आपल्याकडे नाहीतच."

"म्हणजे दोन्हींतली एक संख्या पंचेचाळीस किंवा त्याहून लहान असायलाच हवी. तेवढंच तपास. आणि दोनने भाग गेला नाही, तर चार, सहा, आठच्या वाटेला जाऊच नकोस."

उर्वीने पत्रावळीच्या पाठीवर दोन, तीन, पाच, सात असं करत त्रेचाळीसपर्यंत चौदा भागाकार केले. दर वेळी बाकी उरलीच.

"ही तर मूळ संख्या (एक आणि ती स्वतः, यांखेरीज कशानेही पूर्ण भाग न जाणारी संख्या)! बल्लव, सारख्या पंगती होणारच नाहीत."

"होईल की. सर्वांची एकच पंगत," बल्लव म्हणाला. "लांबी सव्वा किलोमीटर. घुमट दोनशे मीटरचा. उरलेल्यांनी बाहेर, हवेशिवाय जेवावं."

"आणि एक जण उठला तर?"

"दोन पंगती, प्रत्येकी एक हजार तेरा पानं. तरीही बरेचसे बाहेरच."

दाराशी आई-बाबा हात जोडून उभे होते आणि रिकाम्या पानांपुढच्या पाहुण्यांना "सावकाश होऊ द्या" म्हणत होते. उर्वी ताडकन उठली.

"अरे, यजमानांना कशाला मोजलंस? ते सगळ्यांच्या शेवटी जेवतात!"

"दोन वजा. दोन हजार पंचवीस. पंचेचाळीस पंगती, प्रत्येकी पंचेचाळीस पानं. बाकी शून्य!" आणि पळी भातात शिरली.

यान सुटायला पाच मिनिटं असताना शेवटचा वऱ्हाडी ढेकर देत आत चढला.

आई-बाबांना वाढताना बल्लवने विचारलं, "सर्वांत मोठी मूळ संख्या कोणती? त्याहून जास्त पाहुणे बोलावू, म्हणजे कटकट नको."

"तशी नसतेच रे," आत्या म्हणाली. "कितीही पुढे जा, आणखी एक मूळ संख्या पुढे असतेच. त्या कधी संपत नाहीत."

बल्लवने आईच्या पानात जिलबी वाढली. मग म्हणाला, "तर पुढच्या लग्नात यजमान थोडे जास्त ठेवा."