पुसलेली कॅसेट

हे माझ्यासोबत घडलंय. विश्वास ठेवा, नका ठेवू... मी यात एक शब्दही वाढवलेला नाही.

साल १९८४. मे महिना. तुमसर.

एका बंद राईस मिलच्या गोदामात युद्धाच्या इतिहासाचं संशोधन केंद्र उभं राहत होतं. लढाईवरून परतलेल्या म्हाताऱ्या शिपायांच्या आठवणी टेप करायच्या, हे माझं काम. प्रमुख होते यादोराव सर.

त्या दिवशी एकोडीचे श्रावणजी आले. दुसऱ्या महायुद्धात बर्मात लढलेले. टेप सुरू होताच एकदम बोलले.

"आंबागडचा नत्थू संगं होता माझ्या. पाय तुटला त्याचा. तोंडाले, डोयाले जळवा लागल्या होत्या. जित्ता होता तो... मी त्याच्या हातची बिस्किटं हिसकली अन् पळालो."

म्हातारा ढसाढसा रडला.

सरांनी टेप ऐकली. तोंड वाकडं केलं.

"पुसून टाक हे. उद्घाटनाले मंत्री येऊन राहिले. नत्थू लढता लढता मेला, असं बोलवून घे त्याच्याकडून."

मी पुसलं.

श्रावणजींनी मान खाली घालून खोटं सांगितलं. मी तेही टेप केलं. बटण दाबणाऱ्या माझ्याच बोटांची मला आजही किळस येते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तीच कॅसेट लावली.

श्रावणजींचा आवाजच नव्हता...

नुसतं चोखल्यासारखं काहीतरी. ओलं. चिकट.

मग वास आला... सडलेल्या मांसाचा.

घाईघाईनं कॅसेट बाहेर काढली. बोटांना गार, बुळबुळीत लागलं.

आत फीत नव्हती. जळवा होत्या. रक्त पिऊन टम्म फुगलेल्या. एक माझ्या अंगठ्याखाली फुटली...

मी तिथंच ओकलो.

सर आले तेव्हा कॅसेट कोरडी ठणठणीत होती.

"ऊन लागलं तुले," ते हसले.

उद्घाटनाला त्यांनी श्रावणजींना मंचावर बसवून हार घातला. टाळ्या पडल्या. म्हाताऱ्यानं हार काढून मांडीवर ठेवला.

मला राहवेना. नत्थूची बहीण गोदावरीबाई आंबागडला होती. तिला खरं सांगायचं ठरवून सायकल काढली.

ती ओसरीवर तांदूळ पाखडत होती. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"बिस्किटाचं सांगाले आला का?"

"तुम्हाला... कोणी सांगितलं?"

"नत्थूनं. परवा आला होता. श्रावणवर राग नाही म्हने त्याचा."

सूप थांबलं. ती माझ्या हातांकडे बघत राहिली.

"पुसलं कोनं, ते इचारून राहिला होता. मले का माहीत?... तुयं नाव काय, बापू?"

मी सांगितलं नाही.

या हकिकतीखालीही लिहिणार नाही.