निळ्या पट्ट्यांची गाठ

सन एकोणीसशे एकाहत्तर. थंडी सरत आली होती, फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. आबा दोरीचं वेटोळं खांद्यावर टाकून मागच्या बागेत गेले. वेली गुलाब भिंतीला बांधायचा होता.

आबांनी जन्मभर दोर वळले. बंदरातल्या निम्म्या होड्या त्यांच्या दोरांवर टिकून होत्या. हे ते स्वतःच सांगत, कारण दुसऱ्या कुणी सांगेपर्यंत थांबणं त्यांना जमत नसे. शाळेची पायरी चढले तसे उतरले. पण गाठ म्हटली की त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडायचं नाही.

गुलाब होता समुद्राकडच्या भिंतीशी. पांढऱ्या फुलांचा, असं म्हणायचे. लावल्यापासून त्याला कळीसुद्धा आली नव्हती.

वेल मुळातली शेजारी राहणाऱ्या पोस्टातल्या बाईंची. जन्म पोस्टाच्या खिडकीत घालवून निवृत्त झालेल्या, एकट्या, जिभेच्या तिखट. आबांच्या बायकोशी त्यांची गट्टी. त्यांनी तिला आपल्या वेलीची एक फांदी दिली. पुढच्याच वादळात समुद्राचं पाणी बाईंच्या बागेत शिरलं आणि त्यांची वेल मुळापासून जळाली. ती बाईंच्या आईच्या हातची होती. तेव्हा आबांची बायको म्हणाली, माझ्या वेलीला फूल येऊ दे, त्याच फांदीचं रोप करून तुमचं तुम्हाला परत देते. फुललेल्या फांदीचंच रोप नीट धरतं, असं बाईंचं ठाम मत. नुसत्या पानांची काडी त्या हातात घ्यायच्या नाहीत.

फूल यायच्या आधी बायकोच गेली. मागच्या थंडीत.

आता बाई घर विकून भावाकडे राहायला निघाल्या होत्या, जिथून समुद्र दिसत नाही इतक्या दूर. उन्हाळा संपला की सामानाचा ट्रक येणार होता. बायकोचा शब्द तो आपला शब्द, आणि आपण कुणाचं काही ठेवून घेतलेलं नाही, हे आबांनी कुंपणावरून बजावून सांगितलं. बाई हसल्या.

"दोरवाले, रागावून झाड फुलत नसतं."

 आबांनी वेलीच्या सगळ्या फांद्या डोलकाठीसारख्या सरळ वर उभ्या केल्या, डांबर लावलेल्या दोरीने खिळ्यांना आवळल्या आणि प्रत्येक ठिकाणी निरगाठ मारली. ती गाठ सोडवायला सुरीच लागते.

सकाळी चहा घेऊन बागेत आले तर सगळ्यात लांब फांदी भिंतीच्या कडेकडेने आडवी पसरलेली. दोरी खाली, नीट गुंडाळून ठेवलेली. निरगाठ कापलेली नव्हती, सुटलेली होती. फांदी धरून ठेवली होती कापडाच्या एका चिंधीने. पांढरं कापड, त्यावर निळे पट्टे. आणि गाठ अशी ढिली, वेडीवाकडी, की तिला निरगाठही म्हणता येईना, सुरगाठही.

आबांच्या कपाळाला आठी पडली. अशी गाठ त्यांनी घरात चाळीस वर्षं बघितली होती आणि चाळीस वर्षं तिच्यावर तोंडसुख घेतलं होतं.

त्यांनी सुनेला विचारलं, झाडाला हात कुणी लावला. सून भाकरी भाजता भाजता म्हणाली, मी कशाला लावू. नंतर तिने नवऱ्याला हळूच सांगितलं की आबांना उशिरा का होईना, अक्कल आली, वेल आडवी बांधायला लागलेत, आडव्या फांदीलाच फूल धरतं. मुलगा बर्फाच्या कारखान्यातून दमून आलेला. तो म्हणाला, त्यांच्यासमोर हे बोलू नकोस, नाहीतर परत उभी बांधतील.

आबांनी परत उभीच बांधली. दुसऱ्या दिवशी दोन फांद्या आडव्या. पुन्हा उभ्या केल्या, तर तिसरीही आडवी. शिवाय पाचोळा झाडून एका बाजूला केलेला, झारी भिंतीशी पालथी, आणि पानं ओली. समुद्रावरून वारा आला की पानांवर मीठ बसतं, कडा करपतात. आबांनी एक पान जिभेला लावून बघितलं. खारट नव्हतं. कुणीतरी गोड्या पाण्याने एकेक पान धुतलं होतं.

"चोर असेल," सून म्हणाली.

"चोर पानं धुतो?"

"तुमच्या धाकाने धुतो, आबा."

आबांना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीत ठेवलं. हसत हसत सुनेने एक चिंधी बोटांत धरली, उलटून पाहिली, आणि तिचं हसू तिथेच थांबलं.

"आबा... ही चादर तर..."

"तर काय?"

"काही नाही."

आबांनाही ठाऊक होतं. निळ्या पट्ट्यांची तसली चादर घरात एकच होती. शेवटच्या दिवशी तीच बायकोच्या अंगावर घातली होती. ती तिच्याबरोबरच गेली.

त्या संध्याकाळी आबा स्टूल घेऊन बागेत बसले. भितो कोण, असं स्वतःलाच दोनदा म्हणाले. समुद्रावरून धुकं चढत होतं. आधी कुंपण गेलं, मग बाईंच्या खिडकीतला दिवा पिवळा ठिपका होऊन राहिला, मग तोही गेला. लाटांचा आवाज कापसात गुंडाळल्यासारखा. घरातून भांड्यांचा आवाज येत होता, तो एकाएकी फार लांबून यायला लागला. ओल्या मातीचा वास होता. त्यात दुसरा एक वास हळूहळू मिसळला, कपडे धुवायच्या साबणाचा.

मग आवाज आला.

चर्र...

कापड फाडल्याचा. सावकाश, सरळ रेषेत, हाताला सवय असल्यासारखा.  आबांनी हातातली दोरी घट्ट धरली. भिंतीजवळची उभी फांदी हलली. वारा नव्हता. फांदी जरा वाकली, थांबली. जाड फांदी एकदम वाकवली तर मोडते. ती पुन्हा जरा वाकली, पुन्हा थांबली, जसं रडणाऱ्या पोराला कुणी थोपटत थोपटत आडवं करावं. शेवटी ती भिंतीला टेकली. धुक्यात निळी पट्टी दिसली, एक वेढा, दुसरा वेढा.

 गाठ समोर चुकत असताना गप्प बसणं आबांच्या स्वभावात नव्हतं.

"सुटेल ती," ते पुटपुटले. "खालून घे... खालून."

पट्टी थांबली. सगळंच थांबलं, लाटासुद्धा. आबांना वाटलं, आता त्या भिंतीकडून कुणीतरी आपल्याकडे वळून बघतंय. बराच वेळ बघतंय.

मग पट्टी वरूनच गेली, पहिल्यासारखीच.

आबा स्टूल उचलून घरात आले.  सुनेने विचारलं, दिसलं का कुणी. आबा म्हणाले, कुणी ऐकणारं दिसलं नाही. चहा टाक.

त्यानंतर त्यांनी वेलीला दोरी लावली नाही. संध्याकाळ झाली की ते मागचं दार लोटून घेत आणि मोठ्याने खोकत, म्हणजे पलीकडच्याला कळावं की आपण येत नाही. सून त्याच वेळेला झारी भरून पायरीवर ठेवायला लागली. कशासाठी, ते कुणी कुणाला विचारलं नाही. सकाळी झारी रिकामी असायची. घरात मात्र हसणं वाढलं होतं. आबा भाजीत मीठ जास्त पडलं तरी कुरकुर करत नव्हते, याचंच मुलाला जास्त भय वाटे.

एप्रिलात वेल फुटली. आडव्या फांदीच्या प्रत्येक डोळ्यातून एक कोंब वर आला आणि प्रत्येक कोंबाच्या टोकाला कळ्या. एका आठवड्यात भिंत दिसेनाशी झाली. पांढरी, निव्वळ पांढरी. मधमाश्यांचा गुंजारव स्वयंपाकघरात ऐकू यायचा. रस्त्याने जाणारे थांबून बघत. आबा त्यांना सांगत, बांधणीवर असतं सगळं.

बाई कुंपणाशी आल्या आणि एक फूल तळहातावर धरून बघत राहिल्या. त्यांच्या आईचीच फुलं होती ती. मग म्हणाल्या, "आता रोप."

फूल गळल्यावर आबांनी त्याखालची फांदी तिरकी कापली, पानं काढली, वाळू आणि शेणखत मिसळून कुंडीत लावली. सावलीत ठेवली. पहिली कुजली, दुसरीही कुजली. तिसऱ्या फांदीला उन्हाळा संपायच्या सुमारास कोवळं तांबूस पान आलं. आबांनी त्या दिवशी दुपारची झोप घेतली नाही.

ट्रक आला त्या सकाळी त्यांनी रोपाला बांबूची काडी लावली आणि आपल्या हातची बारीक सुतळी बांधली. जन्मात मारलेली सगळ्यात देखणी गाठ. मग आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला आणि कुंडी पोटाशी धरून निघाले. कुंपणापासून बाईंच्या दारापर्यंत अंतर ते किती. पण वाटेत साबणाचा वास त्यांच्या डाव्या बाजूने चालत होता. आबांनी डावीकडे बघितलं नाही. चाल जरा हळू केली.

बाई रिकाम्या ओट्यावर एका खोक्यावर बसल्या होत्या. आबांनी कुंडी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"तुमचं तुम्हाला."

बाईंनी पान बघितलं, माती चाचपली. मग त्यांची बोटं काडीवर गेली आणि तिथेच राहिली. आबांनीही बघितलं. सुतळी नव्हती. काडीला निळ्या पट्ट्यांची चिंधी होती, ढिली, वेडीवाकडी बांधलेली.

जन्मभर तसल्या गाठींची पार्सलं बाईंच्या खिडकीशी आली होती. वाटेत सुटतील म्हणून बाई त्यांना पुन्हा बांधायच्या आणि पार्सल आणणाऱ्या आबांच्या बायकोला हसायच्या.

"दोरवाले," त्या अगदी हळू म्हणाल्या, "ही गाठ कुणी मारली?"

ट्रकवाला खाली हॉर्न वाजवत होता. आबांनी मान ताठ केली.

"मी."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कुंडी उचलून मांडीवर घेतली.

"पोचलं," त्या म्हणाल्या.