काच वरून खाली पुसायची

विश्वास ठेवा म्हणून मी कोणाला गळ घालणार नाही. पण जॉयस माझी सख्खी मावसबहीण आहे, आणि थापा मारायला तिला वेळ नसतो. हे तिच्या अंगणात घडलं. मालवणजवळ, वायरीला. गेल्या मे महिन्यात.

आणि रात्री-बेरात्री नाही. डोळे दिपतील अशा उन्हात.

जॉयस घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या धुते. काचांसाठी लोक मुद्दाम तिच्याकडे येतात. समुद्र हाकेच्या अंतरावर, त्यामुळे खारा वारा आणि बारीक वाळू काचेवर बसलेलीच असते. घाईत कोरडं फडकं मारलं की काच गेली कामातून. म्हणून जॉयस आधी भरपूर पाणी मारते. मग ओलं, मऊ फडकं. आणि हात नेहमी वरून खाली, सरळ. गोल फिरवला तर वाळूचा कण काचेभर फिरतो आणि उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे चरे दिसतात.

आता गंमत बघा. धंदा दुसऱ्यांची घाण काढायचा, आणि बाईला किळस साऱ्या जगाची! घाटात ओकलेली पोरं, दाराच्या कप्प्यात थुंकलेला गुटखा, सीटखाली सांडलेलं मासळीचं पाणी... हातमोजे घालून, तोंड वाकडं करून, शिव्या घालत ती सगळं काढते.

"माणसां नाय ही, डुकरां," म्हणते.

संध्याकाळी दमली की आईच्या पलंगावर जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवते. चाळिशी उलटली तरी. तिची आई म्हणजे माझी सेवरीना मावशी. घरात दोघीच.

मावशीला आठवड्यातून तीनदा ओरोसच्या सरकारी इस्पितळात डायलिसिसला न्यावं लागतं. एसटीत तिला उलट्या व्हायच्या. मग शेजारच्या बाबलीच्या रिक्षातून, तर धक्क्यांनी अर्धमेली व्हायची. दोन-चार फेऱ्या चुकल्या. पाय सुजले, दम लागायला लागला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता चुकवलंत तर हातची जाईल.

म्हणून जॉयसने गाडी घेतली. जुनी, पांढरी. वैभववाडीच्या दत्ताराम नावाच्या माणसाची.

बाबली नारळ घेऊन आला, देवाला गाऱ्हाणं घालतो म्हणाला. मावशी खुरसापाशी, म्हणजे अंगणातल्या क्रुसापाशी, मेणबत्ती लावून आली. जॉयसने दोघांनाही थांबवलं.

"आधी मी धुतंय. मगे काय तां करा."

धुताना तिला डाग दिसला.

मागची डावी काच. आतून.

बसलेल्या माणसाचं डोकं टेकतं तिथे केसांच्या तेलाचा चपटा गोल. त्याखाली अर्धवट उघड्या तोंडाचा ठसा... आणि त्यातून ओघळून वाळलेली तपकिरी लाळ.

भोवती सगळे गोल गोल चरे. कोणीतरी जीव खाऊन घासलेलं.

पावसात पाणी ठरू नये म्हणून जुने ड्रायव्हर काचेला विडीतली तंबाखू चोळतात. तसलंच काही असेल, अशी तिने मनाची समजूत घातली.

पण तंबाखू चोळतात बाहेरून.

आणि हा वास मशेरीचा होता. म्हाताऱ्या बायका भाजलेल्या तंबाखूची काळी पूड दाताला लावतात, ती. त्यात न धुतलेल्या तोंडाचा आंबूस वास मिसळलेला.

तिने श्वास रोखून पुसलं. वरून खाली. काच लख्ख झाली. फडकं तिने चुलीत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन काचेवर आलं...

डाग होता.

ओला.

गाडी रात्रभर बंद होती. किल्ली जॉयसच्या उशाशी. तिने मावशीला हाक मारली.

"माय, गाडयेत कोण बसलला?"

"मी कित्याक बसतलंय गो? तूच बसाक देणस नाय माका."

जॉयसने परत पुसलं. या वेळी लाळ हातमोज्यातून बोटांना लागली.

कोमट होती.

ती तशीच विहिरीवर पळाली आणि साबणाने कोपरापर्यंत हात घासले. दुपारी जेवणाचं ताट समोर आलं तेव्हा बोटांना अजून तोच वास येत होता. ताट तिने तसंच सारलं.

मग हे रोजचंच झालं. सकाळी डाग, आणि जॉयसचं फडकं. कधी डागात एखादा पांढरा केस चिकटलेला असायचा. कधी मशेरीची बारीक पूड. एकदा तिला ओकारी आली ती थेट शेडच्या दारात.

तरी पुसायची. मावशीला याच गाडीतून न्यायचं होतं, आणि हा वास मावशीला सोसला नसता. तोवर तिच्या नशिबी बाबलीची रिक्षा आणि धक्केच होते.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात आली. डाग रोज थोडा खाली असायचा. आधी डोकं टेकतं तिथे. मग खांद्याच्या उंचीला. मग दाराच्या कडेजवळ. कोणीतरी बसल्या जागी हळूहळू खाली घसरत असावं, तसा...

जॉयसला उलट बरं वाटलं. उतरतोय, म्हणजे जाईल.

एका सकाळी काचेच्या तळाशी नुसता तेलाचा अर्धा गोल उरला होता. तिने तोही पुसला. वरून खाली.

दुसऱ्या दिवशी काच कोरडी. डाग नाही, वास नाही.

तिने त्याच दिवशी मावशीला गाडीत बसवलं. मावशी मागे डाव्या बाजूला बसली, काच खाली करून, हातात पिशवी घेऊन. उलटी होणार हे धरूनच चालली होती.

वाटेवरचं कट्टा गेलं. कसाल आलं.

उलटी नाही.

जॉयसने आरशात बघितलं. मावशी बाहेर बघत होती. तिचा डावा हात मांडीवर होता... आणि सावकाश हलत होता. पुढे-मागे. पुढे-मागे. जॉयस मांडीवर पडली की तिच्या केसांवरून फिरायचा, अगदी तसाच.

"माय, काय करतंस गो?"

"काय नाय." मावशी जराशी हसली. "मांडयेर वायच जड लागता. बरां वाटता पण."

घरी आल्यावर जॉयसने मावशीचा झगा धुवायला घेतला. डाव्या मांडीवर ओला डाग होता. तपकिरी.

तिने झगा नाकाशी नेला आणि लांब फेकून दिला.

मावशीने आयुष्यात मशेरी लावलेली नाही.

जॉयसने दत्तारामला फोन केला आणि काचेवरच्या डागाचं विचारलं. आधी तो "काय आठवणा नाय" म्हणत राहिला. जॉयसने शिव्या घातल्या तेव्हा तो बोलला.

"माझी आवस होती ती, म्हातारी आई. शेवटाक तिका ओरोसाक नेय होतंव. तोंडातसून मशेरीची लाळ गळायची, बाये. सगळ्यांका किळस येयची. बायको फुडे बसली. पोरां इलीच नाय. मागे ती एकटी. 'कोणतरी माझ्या बाजूक बसा रे', म्हणा होती..."

आवाज खाली आणून तो म्हणाला,

"कोण बसाक नाय. काचेक डोक्या टेकून पडान रवली. पोचलंव तेव्हा..."

म्हातारी वाटेतच गेली होती. जॉयस भडकली.

"मगे ह्या माका आधी सांगाक काय झाला तुका?"

"काय सांगतलंय? आमी गोल गोल घासून दमलंव. काय केल्या जायना. होता थंयच रवायचा." मग हळूच त्याने विचारलं, "तुझ्याकडना गेलो काय गो तो डाग?"

जॉयसने फोन ठेवला.

दत्तारामच्या घरच्यांनी घासलं गोल. म्हणून म्हातारी काचेवरच राहिली. जॉयसने रोज व्यवस्थित, सरळ, वरून खाली पुसलं. तिने स्वतःच्या हातांनी तिला काचेवरून उतरवलं... आणि आईच्या मांडीवर आणून ठेवलं.

मी म्हटलं, गाडी विकून टाक. तिने ते करून बघितलं होतं. गिऱ्हाईक दारात आलं तेव्हा मावशी गाडीच्या आडवी उभी राहिली.

"माका दुसऱ्या गाडयेतसून जावचां नाय. ती मगे खंय जातली?"

"कोण, माय?"

मावशी मागच्या काचेवरून हात फिरवत राहिली. जॉयसने गिऱ्हाइकाला परत पाठवलं.

एक खरं. मावशीची आता एकही फेरी चुकत नाही. सूज उतरली आहे. तोंडावर तेज आहे. जॉयसला हवं होतं ते सगळं झालं.

फक्त मावशीचा हात आता घरीही हलतो. पलंगावर बसल्या बसल्या, डाव्या मांडीवर. जॉयस रोज तिचा झगा धुते, नाकाला फडकं बांधून. आईच्या हातचं जेवण तिला जात नाही. आईच्या जवळ ती जात नाही. मला सांगताना त्या बाईला रडू आवरत नव्हतं. स्वतःच्या आईची किळस येते म्हणून.

परवा संध्याकाळी ती काम आटपून, दमून घरात आली. दिवाबत्तीची वेळ. पलंगावर मावशी बसलेली. हात चालूच.

मावशीने मान वर केली. किती दिवसांनी लेकीकडे मायेने बघितलं.

"दमलंस गो, माझ्या चेडवा? ये. पड जरा."

तिने उजव्या मांडीवर थोपटलं.

"ही रिकामी आसा."

जॉयस उंबऱ्यातच थांबली. खोलीत मशेरीचा वास कोंदला होता. मावशीच्या झग्याची डावी बाजू हळूहळू ओली होत होती... आणि मावशी खाली वाकून, तिकडे बघत, कोणाला तरी समजावत होती.

"वायच सरक गो. माझ्या चेडवाक जागा दी."