आऱ्याची हाक

मालवणजवळच्या कौलांच्या कारखान्यात कप्पीवरचा लोखंडी साचा कोसळला आणि खालचा कामगार बाबली जागीच गेला. साल अठ्ठावन्न. फौजदार सामंत पोचले तेव्हा दोर ओढणाऱ्या मुख्तारला लोकांनी खांबाला बांधून ठेवलं होतं. गुन्हेगार आधीच ठरला होता. बेडी तेवढी बाकी होती.

"दोर तूच सोडलास?"

"सोडलंय, सायेब. 'आऱ्या' आयकलंय."

"म्हणजे?"

"बोटीवरची बोली. आऱ्या म्हणजे सोड. वीस वर्सां खलाशी होतंय. भिंतीआडसून माका साचो दिसणा नाय. हाक आयकली, हात सुटले."

मुकादम बाळा फिस्सकन हसला. "खोटां बोलता. हय आमी 'ओढ' नि 'सोड' म्हणतो. मी तर बोटीर कधी पाय ठेवूक नाय."

"पण तुम्ही ओरडलात म्हणे?"

"साचो पडताना बघून कोण आरडाचो नाय?"

माती मळणाऱ्या यशोदेला फौजदारांनी बाजूला घेतलं.

"आधी साचा पडला, की आधी मुकादम ओरडला?"

तिने आजूबाजूला पाहिलं. "आधी आरड. मागीर साचो." मग आवाज आणखी खाली आला. "औंदा हय दोगांचे पाय चिरडले, मुकादमान दाबून टाकल्यान. सोमवारी सरकारी तपासनीस येतले, बाबली तेंका सगळां सांगतलो हुतो."

फौजदारांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी शांतपणे परतून त्यांनी बोटीवर 'ओढ'ला काय म्हणतात, ते मुख्तारला कानात विचारून घेतलं. कप्पीला रिकामी टोपली टांगायला लावून त्यांनी दोर मुकादमाच्या हातात दिला.

"मुख्तार कुठे, कसा उभा होता, दाखवा."

मुकादम भिंतीआड गेला. फौजदार अचानक ओरडले, "हाबेस!"

टोपली झर्रकन वर गेली.

"हाबेस म्हणजे ओढ, हे मुख्तारने फक्त माझ्या कानात सांगितलं. बोटीवर पाय न ठेवलेल्याला ते कळलं कसं?" फौजदार म्हणाले. "बाबली खाली आला आणि तुम्ही हाक दिलीत. 'सोड' म्हणाला असतात तर सगळ्यांना कळलं असतं. 'आऱ्या' फक्त मुख्तारला कळलं. बाकीच्यांना ती भीतीची किंकाळी वाटली. पण घाबरलेला माणूस साचा पडल्यावर ओरडतो, मुकादम. तुम्ही आधीच ओरडलात. बाबलीचं तोंड सोमवारच्या आत बंद करायचं होतं तुम्हाला."

बेडी मुकादमाच्या हातात पडली. मघाशी मुख्तारला बांधणारे आता जमिनीकडे बघत होते.

"मुख्तार, तू सुटलास. घरी जा."

बांधलेली दोरी सोडली तरी म्हातारा खांबापाशीच उभा राहिला.

"सुटलंय खंय, सायेब? दोर माज्याच हातान सुटलो मां."