काहून, कुबरनेटिस आणि करण

मेडशीच्या थांब्यावर मालेगावची गाडी यायची होती, आणि रंजीता राठोडच्या मोबाईलमधला पॉड पुन्हा एकदा पडला होता. उठायचा, जरा दम घ्यायचा, पडायचा. परत उठायचा. पॉड म्हणजे काय, हे त्या थांब्यावर आपल्याशिवाय कुणालाच ठाऊक नसणार, अशी तिची खात्री होती. म्हणून तर कानाजवळ आवाज आला तेव्हा ती दचकलीच.

"लॉग नका पाहू. त्याच्यात काईच येत नाई. इव्हेंट पाहा… इव्हेंट."

तिनं वळून पाहिलं. खांद्यावर काळ्या केबलचं भेंडोळं, कमरेला खांबावर चढायचा पट्टा, हातात तेलानं पारदर्शक झालेला कागद. पोरगा तिच्याच वयाचा असावा.

"तुमी माह्या मोबाईलमधी पाहून राह्यले?"

"नाई… म्हणजे— हो. पयले चुकून दिसलं. मंग मुद्दाम पाहिलं."

इतकं खरं उत्तर आल्यावर रागवायचं तरी कसं? ओठ दाबून तिनं इव्हेंट, म्हणजे पॉडला काय काय झालं त्याची नोंद, उघडली. खरंच की! प्रोग्रामला जेवढी मेमरी दिली होती तेवढ्यात त्याचं पोटच भरत नव्हतं. तिनं आकडा वाढवला. पॉड उठला… आणि या वेळी उभा राहिला.

"कसं काय माहीत तुमाले?"

"मी याच्यातच आठवडाभर अडकलो होतो," तो म्हणाला. "मले तेवढंच येते. बाकीचं काई विचारू नका." मग जरा थांबून, कागदाशी चाळा करत, "तुमी… कंटेनर कट्ट्यावरच्या रंजीता राठोड ना?"

आता मात्र तिचे डोळे मोठे झाले.

कंटेनर कट्टा हा टेलिग्रामवरचा ग्रुप. मूळची वाशिमची आणि आता पुण्यात नोकरीला असलेली सुकेशनीताई तो चालवायची. गडचिरोलीपासून जतपर्यंतची पोरं त्यावर मराठीतून कुबरनेटिस शिकत होती. नियम एकच, कुणाच्याही प्रश्नाला हसायचं नाही. बीसीए होऊन किन्हीराजाजवळच्या तांड्यावर परत आलेल्या रंजीताला तो ग्रुप सापडला, आणि प्रश्नांचं जणू धरणच फुटलं.

"मी रंजीता हे कशावरून?"

"असे प्रश्न दुसरं कोन विचारते? 'मुकादमच पडला तं मुकादमाले कोन उभं करते?'"

ती हसली. तो प्रश्न तिचाच. ताईनं शिकवलं होतं, कंटेनर म्हणजे प्रोग्रामची शिदोरी बांधलेला डबा, कुठंही न्या, उघडा, चालतो. पॉड म्हणजे तो डबा ठेवायची पिशवी. आणि असे शेकडो डबे सांभाळणारं कुबरनेटिस म्हणजे मुकादम. एक माणूस आजारी पडला की दुसरा कामाला लावणारा. त्यावर तिनं हे विचारलं, आणि सगळा कट्टा रविवारभर भांडत बसला होता.

"तुमचं नाव काय तठी?"

"मी… तठी बोलत नाई. फक्त वाचतो."

"काहून?"

नेमकी तेव्हाच गाडी आली. गर्दीनं तिला आत ढकललं, कंडक्टरनं घंटी मारली, आणि तिचं ते काहून, तिचं ते 'का', खाली थांब्यावरच राहिलं. खिडकीतून तिनं पाहिलं. तोही पाहत होता. गाडी वळेपर्यंत.

तिची आई हिरीबाई नेहमी म्हणायची, "या पोरीच्या पोटात काहून हाय. ते निंघाल्याशिवाय हिले भाकर जिरत नाई." खरंच होतं ते. घरी येताच रंजीतानं कट्ट्यावरची सगळी नावं चाळली. काही पत्ता लागला नाही. शेवटी तिनं सरळ तिथंच लिहिलं — 'मेडशीच्या थांब्यावर भजे खात उभे असलेल्या केबलवाल्या सदस्यानं मला मेसेज करावा. एक उत्तर बाकी आहे.'

कट्ट्यावर हास्याची लाट उसळली. सुकेशनीताईनं नुसतेच दोन डोळे पाठवले. आणि थोड्या वेळानं रंजीताच्या खाजगी खिडकीत एक ओळ उमटली.

'करण चव्हाण, जऊळका. भजे नव्हते. आलुबोंडा होता.'

करण गावोगावच्या इंटरनेटच्या फायबर तारा जोडायचा. न बोलण्याचं कारण त्यानं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. पूर्वी एका इंग्रजी ग्रुपवर त्यानं प्रश्न विचारला होता, तर कुणीतरी त्याच्या स्पेलिंगचा फोटो काढून जगभर फिरवला. तेव्हापासून लिहायला गेलं की बोट अडायचं.

"कट्ट्यावर कोनी हसत नाई," ती फोनवर म्हणाली.

"माहीत हाय ना. तरी अडते."

"मंग मले विचार."

त्या तुमीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. संध्याकाळी ती स्लॅबवर लॅपटॉप घेऊन बसायची, तो जऊळक्याच्या स्टेशनवरच्या बाकावर. ती शिकवायची, तो प्रश्नांनी अडवायचा. मालगाडी आली की फोनवर दोघंही गप्प. गाडी लांबलचक असायची… आणि ती संपूच नये असं रंजीताला अलीकडे वाटायला लागलं होतं. हे काहून, ते मात्र तिनं कट्ट्यावर विचारलं नाही.

पावसाळा सरता सरता ताईचा फोन आला. कट्टा दरवर्षी एका शिकणाऱ्याला कुबरनेटिसच्या परीक्षेच्या फीचं कुपन द्यायचा, आणि यंदा सगळ्यांनी एकमुखानं रंजीताचं नाव घेतलं होतं. तिनं धावत जाऊन बापाला सांगितलं. सेवालाल राठोड सोयाबीनच्या सुडीवर ताडपत्री ओढत होता.

"कुबेराची परीक्षा?"

"कुबरनेटिस, बा."

"कोनाची बी असो." त्यानं ताडपत्रीवर दगड ठेवला. "दिवाळी झाली की आमी ऊस तोडाले कोयत्यावर निंघतो. पास झाली तं राह्य मेडशीले मावशीकडं, नोकरी पाह्य. नाई झाली तं चाल आमच्यासंगं. तुले एकटं कोनाच्या भरोशावर ठेवू?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच तिला वाद घालता आला नाही.

ही परीक्षा घरी बसूनच द्यायची असते, पण अटी अशा की विचारू नका. खोलीत दुसरं कुणी नको, टेबलावर काही नको, बाहेरचा बोलण्याचा आवाज नको. आणि कॅमेऱ्यातून एक अनोळखी परीक्षक दोन तास टक लावून बघणार. रंजीतानं घरातली पक्की खोली झाडूनपुसून ठेवली होती. पण परीक्षेच्या सकाळी परतीचा पाऊस असा आला की तांड्यात एकच पळापळ उडाली. भिजणारं सोयाबीन घेऊन जो तो पक्क्या छताकडे धावला. बघता बघता तिची खोली पोत्यांनी छतापर्यंत भरली. गंगूकाकू डोक्यावरचं पोतं उतरवत म्हणाली, "बाई, तेवढं आमचं बी राहू दे वं." नाही कुणाला म्हणायचं? वर्षभराची मेहनत होती ती.

तिनं करणला फोन लावला. खोली भरली, एवढंच कसंबसं सांगितलं.

"रडून राह्यली?"

"नाई."

"थांब. आलोच."

चिखल उडवत त्याची मोटरसायकल आली. केबलचं भेंडोळं, एक बॅटरी, राउटर. त्यानं खोलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "समाज मंदिराची किल्ली कोनाजवळ असते?"

किल्ली तांड्याचा प्रमुख हेमसिंग नायक, त्याच्याजवळ होती. नायकानं सगळं ऐकून घेतलं आणि शंका काढली, "परीक्षा हाय, तं मास्तर कुठी हाय?"

"मास्तर कॅमेऱ्यात हाय, नायक."

"तेथून त्याले दिसते?"

"सगळं दिसते."

नायकानं टोपी नीट केली आणि किल्ली काढून दिली.

पाच-दहा मिनिटांत करण खांबावर होता आणि तार खिडकीतून आत. टेबल मांडून तो निघाला. दाराशी थांबला. "रंजीता…"

"हं?"

"काई नाई. इव्हेंट पाह्यजो."

दार लागलं. परीक्षकानं कॅमेरा चारी बाजूंना फिरवायला लावला. मग पडद्यावर इंग्रजीत प्रश्न उमटला, हा कसला आवाज येतोय? रंजीतानं लिहिलं, पत्र्यावर पाऊस पडतोय. बऱ्याच वेळानं उत्तर आलं, ठीक आहे, सुरू करा.

बाहेर अर्धा तांडा जमला होता. ज्याला त्याला कॅमेऱ्यातला मास्तर बघायचा होता. करणनं ओठांवर बोट ठेवून सगळ्यांना मागं सारलं. ट्रॅक्टरवाल्याला हात जोडून इंजिन बंद करायला लावलं. गंगूकाकूच्या शेळ्या कुणाच्या तरी गोठ्यात कोंडल्या. मध्येच लाइट गेली तेव्हा तो नुसता बॅटरीजवळ जाऊन बसला आणि हिरवा दिवा जळतोय ना, ते पाहत राहिला. सेवालालही येऊन उभा राहिला होता. दोघं शेजारी शेजारी, डोक्यावर एकेक रिकामं पोतं घेऊन. बोलायची सोय नव्हती. पाऊस तेवढा बोलत होता.

दार उघडून रंजीता बाहेर आली. "शेवटचे दोन राह्यले," ती म्हणाली. "टाइमच नाई पुरला."

तो नखशिखान्त भिजला होता. केसांतून पाणी नाकावर, नाकावरून हनुवटीवर. त्याला काहीतरी म्हणायचं होतं, पण मागं सेवालाल उभा. त्यानं नुसतं तिच्याकडे पाहिलं, आणि तिनं खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. नापास. थोडक्यात, अगदी थोडक्यात, पण नापास. खाली एक ओळ होती, वर्षभरात आणखी एकदा परीक्षा देता येईल. तिनं पहिला फोन करणला लावला.

पलीकडे मोटरसायकलची किल्ली वाजली.

"मी येऊ?" त्यानं विचारलं.

"काहून?"

"ते… तठी येऊनच सांगतो."

पाऊस उघडला होता. समाज मंदिरासमोर सगळ्या तांड्यानं भिजलेलं सोयाबीन वाळू घातलं होतं, आणि रंजीता त्यातून पाय ओढत चालत होती, दाणे खालीवर करत. सेवालाल कडेला बसून पोत्यांची तोंडं शिवत होता. करण आला, त्यानं सेवालालला रामराम केला, चपला काढल्या आणि तिच्या शेजारी दुसरी ओळ धरली.

"लय वाईट वाटून राह्यलं?"

"वाटून राह्यलं. पन त्याच्याहून जास्त हे डोक्यात हाय की ते शेवटचे दोन प्रश्न काय असतीन! पाहाले बी नाई भेटले ना."

तो हसायला लागला. मग हसू थांबलं. दोघं टोकापर्यंत गेले, वळले.

"तू काई सांगणार होता."

"हो. म्हणजे…" त्यानं पायाकडे पाहिलं. "पयले मी कंटेनरसाठीच कट्ट्यावर आलो होतो. खरंच. मंग तुह्ये प्रश्न वाचाले लागलो. मंग फक्त तुह्येच वाचाले लागलो. थांब्यावर तुले पाहिलं तं… मले वाटलं, हे सगळं विचारनारी ते हेच हाय. आता कुबरनेटिस समजो की न समजो— तू नाई विचारलं काई, तं माहा दिवस जात नाई."

तिचा पाय दाण्यांत थांबला. गालांवर ऊन चढलं, की ते ऊन नव्हतंच… वर्षानुवर्षं विचारत आलेल्या पोरीला आज विचारायला काही सुचेना.

"माहा बी," ती इतकं हळू म्हणाली, की त्याला वाकून ऐकावं लागलं.

"काय?"

"माहा बी दिवस जात नाई. ऐकू आलं ना? परत नाई सांगनार."

"ऐकू आलं," कडेवरून सेवालालचा आवाज आला. त्यानं मान वर केली नव्हती. "बोला, पन पाय थांबवू नका. दाने वाळले पाह्यजे."

दोघंही गडबडीनं चालायला लागले. सेवालालनं सुतळीला गाठ मारली, दातानं तोडली.

"रंजीता, परत देता येते म्हन्ते ना ते परीक्षा? मंग मावशीकडं राह्य. कोयत्यावर तुहा तो डबा कुठी उघडशीन." मग करणकडे पाहून, जरा खाकरून, "अन तू जऊळक्याच्या चव्हानाचा ना? कोयत्यावर निंघायच्या आंधी तुह्या बापाले एकदा चहाले पाठवजो."

"हो… पाठवतो, काका."

सेवालालनं दुसरं पोतं ओढलं. रंजीतानं करणकडे बघितलं नाही. फक्त तिची ओळ हळूहळू वाकडी होत त्याच्या ओळीकडे सरकली, आणि मग ते दोघं एकाच ओळीनं, पाय ओढत, टोकापर्यंत गेले.