भिंगरीचा टेकू

उभ्या गाडीच्या स्टिअरिंगला लोंबकळलं तरी ते फिरत नाही, आणि तीच गाडी हातभर ढकलली की मुकाट्यानं फिरतं. असं का?

तेजलनं हा प्रश्न विचारला तेव्हा ती खरोखरच स्टिअरिंगला लोंबकळत होती. तिचं तरी काय चुकलं? तिच्या जमान्यातल्या गाड्यांना स्टिअरिंग नव्हतंच. आत बसायचं, कुठं जायचं ते सांगायचं आणि शेंगा खात बाहेर बघायचं. वळणं, खड्डे, म्हशी, सगळं गाडी आपलं आपण बघून घ्यायची. आजीच्या शेडमधली भिंगरी मात्र वेगळी. दोन माणसांची, छप्पर उघडणारी, परदेशी म्हणून डावीकडं स्टिअरिंग असलेली, गडद हिरवी स्पोर्ट्‌स कार. आजीच्या वडिलांनी ती कोल्हापुरात आणली, आजीनं शर्यतींत पळवली, आणि वयानं आजीपेक्षा मोठी असूनही ती आजीपेक्षा ठणठणीत होती.

दुखणं आजीचं होतं. तिचा उजवा खांदा आखडला होता. वेणी घालताना हात वर जाईना, म्हणून रोज सकाळी तेजल तिच्या कोपराखाली हात धरायची. जरा जोर लागला की आजी खेकसायची, "ढकलू नको गं! नुसता टेकू दे. हात माझा मीच नेणार."

दसऱ्याला गाड्यांना झेंडूचे हार पडत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पन्हाळ्याचा रस्ता फक्त हातानं चालवायच्या जुन्या गाड्यांसाठी मोकळा ठेवत. वर्षातली तेवढी एकच सकाळ. नियमही एकच, गाडी माणसानंच वळवायची. खांदा गेल्यापासून आजी त्या सकाळी शेडमध्ये जाऊन भिंगरीत नुसती बसायची. हात स्टिअरिंगवर, इंजिन बंद. लांबून बाकीच्या गाड्यांचे आवाज येत राहायचे. तेजलला ते बघवायचं नाही. म्हणून यंदा तिनं हट्ट करून पुण्याहून गुंडूआजोबांना बोलावून घेतलं.

गुंडूआजोबा म्हणजे आजीचे धाकटे भाऊ, डॉक्टर धनपाल मगदूम. आजारी माणसांना उचलणारे यांत्रिक हात बनवणारे मोठे शास्त्रज्ञ. आजीसाठी अजून गुंड्याच.

"लोंबकळणं पुरे," ते म्हणाले. त्यांनी एका गोल खोडरबराच्या भोकात पेन्सिल खुपसली आणि ते चाकासारखं टेबलावर उभं केलं. "आता दाबून धर आणि जागच्या जागी वळव."

खोडरबर अडलं. मग घासत, चुरा पाडत कसंबसं वळलं.

"आता पुढं सरकव आणि सरकता सरकता वळव."

ते अलगद वळलं.

"टायर जमिनीला टेकतो तो तळहाताएवढ्या जागेवर," गुंडूआजोबा म्हणाले. "गाडी उभी असली की तेवढंच रबर जागच्या जागी घासावं लागतं, म्हणून जड. गाडी चालायला लागली की दर क्षणाला नवं रबर जमिनीवर येतं. घासावं लागतच नाही फारसं."

"म्हणजे वेगात आजीचं अडणार नाही. अडणार ते हळू वळताना!"

"आणि पन्हाळ्याला हळू घ्यायची वळणं आहेत. तिथंच खांदा दगा देणार. मग तिथं मोटरनं हात लावायचा."

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. स्टिअरिंगच्या दांड्यात टॉर्शन बार (पीळ खाणारी पोलादी काडी) बसवायची. स्टिअरिंग फिरवलं तरी चाकं आधी अडून बसतात, त्यामुळं काडीला केसाएवढा पीळ पडतो. संवेदक (मोजून खबर देणारा भाग) तो पीळ मोजतो. नियंत्रक (हिशेब करणारा छोटा संगणक) त्यावरून ओळखतो की हाताला किती जोर पडतोय, आणि मोटरला सांगतो, एवढी मदत कर.

"आजीनं हात नुसता ठेवला तर?"

"पीळ नाही, तर मदत नाही. वळवणार आक्काच. नियम मोडत नाही."

"आणि वीज गेली तर?"

"दांडा अखंडच असतो. स्टिअरिंग पहिल्यासारखं जड होईल, एवढंच."

मोटर त्यांनी डॅशबोर्डच्या आत अशी दडवली की बाहेरून भिंगरी होती तशीच दिसत होती. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते भिंगरीला मैदानात घेऊन गेले. आजी बसली आणि एका बोटानं स्टिअरिंग गरागरा फिरलं. गुंडूआजोबा खूश झाले.

आजीनं एक फेरी मारली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"गुंड्या, गाडी मुकी केलास की रे."

"काय झालं, आक्का? दुखलं?"

"दुखलं न्हाई. काही कळलंच न्हाई. पहिलं खडी आली, ओल आली, टायर सुटायला लागलं, तर आधी हाताला कळायचं. आता कुणी बोलंनाच झालंय." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ही माझी भिंगरी न्हवं."

आणि ती चालत घरी गेली.

गुंडूआजोबा मडगार्डवर बसून राहिले. तेजलनं विचारलं, "हाताला कसं कळतं?"

"वळलेल्या चाकांना सरळ व्हायचं असतं. तो ओढा दांड्यातून वर हातापर्यंत येतो. टायर घसरायच्या बेताला आला की ओढा ढिला पडतो. ती खबर. माझ्या मोटरनं सगळा ओढाच गिळला." त्यांनी चष्मा पुसला. "मदत सगळ्यात जास्त ठेवली मी. तिचा खांदा दुखू नये, एवढंच डोक्यात होतं."

दसऱ्याच्या सकाळी आजी वेणी घालायला बसली. तेजलनं कोपराखाली हात धरला. मनात मैदान घोळत होतं, त्यामुळं जोर जरा जास्त लागला.

"ढकलू नको," आजी म्हणाली.

तेजल वेणी अर्धी टाकून शेडकडे पळाली.

"आजोबा, तुम्ही ढकलताय!" तिनं त्यांचंच कोपर धरून वर रेटलं. ते ओरडले. मग तिनं नुसता तळवा खाली ठेवला. त्यांनी हात वर नेला आणि तळवा बरोबर वर गेला. "असं. हात ती नेणार. गाडी उभी असताना टेकू भरपूर, वेग वाढेल तसा कमी. आणि स्टिअरिंग थोडंच हलवलं तर हातच लावायचा नाही."

गुंडूआजोबांनी कोपर चोळतच डॅशबोर्ड उघडला. मग त्यांनी चाकांच्या वेगाची खबर नियंत्रकाला जोडून दिली आणि मदतीचा हिशेब पहिल्यापासून मांडला. दिवस त्यातच गेला. भिंगरीला हार घालायचा राहिला तो संध्याकाळी घातला.

"दवाखान्यातले माझे यांत्रिक हातही उघडायला पाहिजेत," हार बांधता बांधता ते म्हणाले. "माणसाचं सगळंच काम करून टाकतात ते. त्याचं थोडं त्याला ठेवलं, तर कितीजणांचे स्वतःचे हात परत चालायला लागतील."

दुसऱ्या दिवशी उजाडताच लांबून गाड्यांचे आवाज यायला लागले. आजी शेडमध्ये आली, पण बसेना.

"मुक्या गाडीत बसायचं न्हाई मला."

"फाटकापर्यंत, आजी. एवढंच."

आजी बसली. शेजारी तेजल बसली, आणि दोनच सीटा असल्यामुळं गुंडूआजोबा पाना हातात घेऊन बाहेर राहिले. भिंगरी अंगणातल्या खडीवरून निघाली. आजीचे हात एकदम थबकले.

"आलं," ती पुटपुटली.

"काय आलं?"

"खडी आली. बोलायली गं!"

फाटक आलं. भिंगरी थांबली नाही. मागून गुंडूआजोबांनी काहीतरी ओरडून सांगितलं, ते आवाजात विरलं.

पन्हाळ्याची चढण लागली. वेगात आजी रस्त्याशी एकटीच बोलत होती, मोटर गप्प होती. मग सगळ्यात अरुंद, हळू घ्यायचं वळण आलं. आजीनं वेग उतरवला. तिनं एवढी वर्षं वाट पाहिली होती ती याच वळणाची, आणि भीतीही याचीच होती. तिचा उजवा हात वर निघाला, खांद्याच्या वर. तेजलनं सवयीनं दोघींच्या मधून हात घातला आणि कोपराखाली धरला.

कोपराचं वजन तिच्या हातात आलंच नाही. आजीचा हात आपला आपण वर गेला आणि भिंगरी वळली.

तेजल हात काढून घ्यायला लागली.

"लागत न्हाई तो आता," आजी समोर बघत म्हणाली. "पण असू दे."