वीतभर समुद्र

"बाई, जरा बाजूला होता का? तुम्ही एक मीटर सत्तरवर उभ्या आहात."

धुक्यातून आवाज आला तेव्हा ती धक्क्याच्या लोखंडी शिडीवर लोंबकळून मापपट्टीवरचं शेवाळ घासत होती. धक्क्याच्या खांबाला जडवलेली ही पट्टी म्हणजे एक उभी, लांबलचक फूटपट्टीच. पाणी कुठवर चढलं ते तिच्यावर बघायचं आणि दिवसातून चारदा वहीत लिहायचं, ही तिची नोकरी. आधी ती वडिलांची होती. गाव त्यांच्या घराला ‘पट्टीवाले’ म्हणे आणि तिला नुसतं ‘पट्टी’. सत्तावीस वर्षांच्या मुलीला शोभेल असं हे नाव नव्हतं, पण नाव ठेवताना गाव विचारतं कुठे?

"मी रोजच इथे असते," ती म्हणाली. "नवे तुम्ही आहात."

"कबूल. पण मला आकडे बघायचेत आणि दिसताय तुम्ही. त्याही उलट्या."

"उलट्या?"

"जुनी दुर्बीण आहे. हिच्यात सगळं डोकं खाली, पाय वर." तो जरा घुटमळला. "पण… काही गोष्टी तशाही बऱ्या दिसतात."

तिने उरलेले तीन आकडे फार सावकाश घासले.

तो मोजणीदार होता. तिपाईवर दुर्बीण लावून गावभर फिरे, म्हणून दोन दिवसांत त्याचंही नाव ‘दुर्बीण’ पडलं. खालच्या आळीपुढे समुद्राला भिंत घालायची की अख्खी आळी उचलून टेकडीमागे न्यायची, हे ठरवायला त्याला पाठवलं होतं.

ते गाव माणसांनी वसवलं असलं तरी आखलं होतं समुद्राने. टेकडीवर वरची आळी : डॉक्टर, शिक्षक, बर्फाच्या कारखान्याचे मालक. वाळूवर खालची : बर्फ फोडणारे, जाळी शिवणारे आणि पट्टीवाले. वरची मुलगी खाली दिली जात नसे; खालची मात्र रोज वर भांडी घासायला जाई, त्याला कुणाची हरकत नव्हती. शाळेची घंटा भरती बघून वाजे. खाऱ्या वाऱ्याने कुलपं दोन वर्षांत गंजून बसत, त्यामुळे चोर आणि घरमालक दोघेही सारखेच दाराबाहेर राहत. ढग समुद्रावरून भरून येत, गावावरून जात आणि टेकडीपलीकडे जाऊन बरसत. गावाच्या वाट्याला येई ती ओल. उशीत, पिठात, गुडघ्यांत.

आता ही ओल मोजणीदाराच्या बोलण्यातही येऊ लागली होती.

"तुमच्या गावात माझा शर्ट चार दिवसांत वाळला नाही," तो एकदा म्हणाला.

"आमच्याकडे वाळत नाही काही. जुनं होतं फक्त."

"माणसंही?"

"माणसं आधी."

तो हसला. तिला हसवायला मात्र त्याला तीन आठवडे लागले. सकाळच्या नोंदीला तो हजर, संध्याकाळच्याही. पाणी बघायला दोन माणसं कशाला लागतात, असं बर्फवाल्याने विचारलं तेव्हा तो गंभीरपणे म्हणाला, "एक बघायला, एक खात्री करायला." खात्री करताना त्याची नजर पाण्यावर नसे.

"भिंत झाली तर मी दोन वर्षं इथेच," एका संध्याकाळी वही चाळता चाळता तो म्हणाला. "आणि होणारच. तुमच्या बाबांच्या नोंदी बघा ना. अक्षर कसं, मोत्यासारखं. आणि तीस वर्षांत सगळ्यात मोठ्या भरतीचा आकडा बोटभरही हललेला नाही. इतका समंजस समुद्र मी पाहिला नाही."

"धक्का खचतो, ते धरलंय ना तुम्ही?" तिने सहज विचारलं.

"हा धक्का? कालच मोजला टेकडीवरच्या मोजणीच्या पितळी खुणेवरून, जुन्या नकाशाशी ताडून. खडकावर उभा आहे तो. तीस वर्षांत तसूभरही खचलेला नाही."

तिने पेन्सिल खाली ठेवली… मग उगाच पुन्हा उचलली.

कारण त्यांच्या घरात एक रीत होती. वर्षाच्या मोठ्या भरतीला पाणी नेहमीच्या आकड्याच्या वर गेलं, की बाबा म्हणत, धक्का खचला, त्याच्याबरोबर पट्टी खाली आली. मग ते बोल्ट काढत, पाणी नेहमीच्या आकड्याला टेकेपर्यंत पट्टी वर सरकवत आणि नवी भोकं पाडून घट्ट बसवत. "समुद्र चुकत नाही पोरी, पट्टी चुकते." बाबांची नजर अधू झाल्यावर शेवटच्या दोन वेळा तिनेच ती सरकवली होती. मोठ्या निष्ठेने.

आणि धक्का तर जागचा हललाच नव्हता.

घरी तिने सांगितलं तेव्हा बाबा बराच वेळ चष्मा पुसत बसले. त्या चष्म्यातून त्यांना आता फारसं दिसत नसे, पण पुसायला तो बरा पडे.

"मी घाबरून नव्हतो गं करत," ते शेवटी म्हणाले. "मला खरंच वाटायचं…"

"माहीत आहे, बाबा."

"मग राहू दे ना तसंच. भिंत होईल, घर राहील. तो माणूसही राहील. मला दिसत नसलं तरी ऐकू येतं. हल्ली तू जिना चढताना गुणगुणतेस."

"आणि पाणी भिंतीवरून आत आलं तर?"

बाबांनी चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ती त्याला शिडीवरून खाली घेऊन गेली. पट्टीच्या खालच्या टोकाशी खांबावरचं शेवाळ आणि शिंपले तिने खरवडले. भोकांच्या जोड्या दिसू लागल्या, एकीखाली एक.

"अकरा आहेत," ती म्हणाली. "शेवटच्या दोन माझ्या."

त्याने सगळ्यात वरच्या जोडीवर अंगठा ठेवला आणि पंजा ताणला. करंगळी सगळ्यात खालच्या जोडीवर टेकली. वीतभर. एवढा समुद्र त्या वह्यांतून गळाला होता.

महिन्याभरात हुकूम आला. भिंत रद्द. आळी टेकडीमागे जाणार. जाळी शिवणारे समुद्र न दिसणाऱ्या जागी जाऊन काय शिवणार, ते हुकुमात नव्हतं. आळी तिच्याशी बोलेनाशी झाली. त्याचं इथलं काम संपलं, बदली दूरच्या बंदरावर.

निघायच्या दिवशी दुपारी दोघांनी मिळून पट्टी पुन्हा पहिल्या भोकांवर बसवली. तो बोल्ट आवळत होता, ती पट्टी धरून होती. बोटं एकदा बोटांना लागली. कुणी काढून घेतली नाहीत, आणि कुणी धरलीही नाहीत.

"तुम्ही गप्प बसला असतात," तो पान्याकडे बघत म्हणाला, "तर मी दोन वर्षं इथे असतो."

"माहीत होतं."

"माहीत असून?"

"दोन वर्षं रोज तुमच्यासमोर खोटा आकडा लिहायचा… मग तुमच्याकडे बघवलं नसतं. मला तुमच्याकडे बघायला आवडतं."

त्याच्या हातातला पाना थांबला. "हे आज सांगताय?"

"आज आकडे खरे लिहायला लागले ना."

"माझ्याबरोबर चला."

"आळी हलेपर्यंत मला हलता येणार नाही. त्यांना मी घराबाहेर काढलंय. त्यांच्या आधी मीच कशी जाऊ?"

"मग मी येईन. आळी हलली की."

"या," ती म्हणाली. ‘नक्की’ म्हणाली नाही.

गावाबाहेरचा रस्ता भरतीला पाण्याखाली जाई. मग बस तास-दोन तास पलीकडेच अडून राही आणि निरोप द्यायला आलेली माणसं कंटाळून घरी जात. त्या दिवशी साडेचारला ओहोटी होती. रस्ता कोरडा, बस वेळेवर.

ते तिला पंधरा दिवस आधीपासून ठाऊक होतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक तीच तर लिहायची.